थेट कडीला

७ मार्च

जावईबापू,

आशीर्वाद लिहिणार होतो, पण ते तुम्ही ठेवून घ्याल की परत पाठवाल याचा भरवसा नाही, म्हणून नुसता नमस्कार. फोनच करणार होतो. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, "फोनवर तुम्ही ओरडता. पत्र लिहा, कागदावर ओरडता येत नाही." बघू या, प्रयत्न करतो.

कामाचं सांगतो. काल मॅनेजरसाहेबांनी ऑफिसात बोलावलं होतं. तुम्ही कुठल्याशा रायडिंग स्कूलमध्ये अर्ज केलाय म्हणे. घोडे गाडीत चढवायचे, उतरवायचे आणि नव्या माणसांना ते शिकवायचं, अशी जागा आहे. सख्ख्या जावयाची बातमी मला मॅनेजरकडून कळावी, असो. त्या स्कूलने आमच्या पागेला एक फॉर्म पाठवलाय. नाव, वय वगैरे साहेबांनी भरलं. शेवटचा प्रश्न राहिलाय: "घोड्यांच्या वाहतुकीत हा माणूस विश्वासाचा आहे का? पूर्वी अपघात घडला असल्यास कारण लिहा." खाली चार रेघा. साहेब म्हणाले, "सहा वर्षं तुमच्या गाडीवर होते, शिवाय तुमचे जावई. तुम्हीच लिहा. महिनाअखेर द्या."

मी असं लिहायचं म्हणतोय: माणूस कष्टाळू आहे, घोड्यांवर जीव आहे, एकदा चूक झाली पण तिच्यातून शिकला. कसं वाटतं? याहून जास्त कोणता सासरा लिहील? 'चूक' हा शब्द गाळता आला असता तर गाळला असता. पण तांबडी घोडी आपल्या गाडीत मेली आणि तिचा दोर थेट लोखंडी कडीला बांधलेला होता, हे साहेबांच्या रजिस्टरात लिहिलेलं आहे. ते मी कसं पुसणार?

तुमच्या जागी दोघं आले आणि गेले. आता आहेत ते पन्नाशीचे आहेत. आधी शिवणकाम करायचे, दुकान बंद पडलं म्हणून इकडे आले. सगळे त्यांना शिंपीच म्हणतात. माणूस भला आहे, पण घोड्याच्या बरोब्बर मागे उभा राहून त्याच्याशी गप्पा मारतो. मी म्हटलं, "अहो, त्याला तुमचं तोंड दिसत नाही, तुम्हाला मात्र त्याचे खूर दिसतील." हसले. मी आता कोणाला शिकवण्याच्या वयाचा राहिलो नाही. कंबर गेलीय. गाडीचा मागचा फाळका खाली घेतला की तो परत वर करायच्या विचारानेच दमायला होतं.

पोरगी कशी आहे? आईला फोन करते, पाच मिनिटं बोलते आणि मी हात पुसत येईपर्यंत ठेवून देते. दोन वर्षांत घरी आलेली नाही. तुम्ही तिला अडवता असं मी म्हणत नाही. म्हणणारे म्हणतात.

फॉर्मबद्दल चार ओळी लिहा, म्हणजे मला हात चालवता येईल.

तुमचा सासरा


१६ मार्च

जावईबापू,

उत्तर आलं नाही. पोस्टाला दोष देऊन पाहिला, पण विजेचं बिल कसं वेळेवर येतं?

काल शिंपीबुवांनी कमाल केली. काळ्या घोड्याला आत नेलं आणि पहिलं काम काय केलं, तर त्याचं डोकं बांधलं. मागची आडवी दांडी अजून खालीच. घोडं मागे सरकलं, दोर ताणला गेला, ते बिथरलं, आणि शिंपीबुवांनी दोराचा उरलेला तुकडा तळहाताला गुंडाळलेला! मी इतका ओरडलो की पलीकडच्या गोदामातली माणसं बाहेर आली. बोटं वाचली, साल तेवढं गेलं. मग त्यांना बसवून सांगितलं: चढवताना आधी मागची दांडी लावायची आणि मगच डोकं बांधायचं. उतरवताना आधी डोकं सोडायचं आणि मगच दांडी काढायची. उलटं केलंत तर घोड्याला वाटतं मागे वाट मोकळी आहे, आणि मान तर अडकलेली असते. आणि दोर हाताला कधी म्हणजे कधी गुंडाळायचा नाही.

सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की ही वाक्यं माझी नाहीत, तुमची आहेत. तुम्ही आलात तेव्हा मी तीस वर्षं घोडे वाहत होतो, पण "चढव, बांध, चल" एवढंच मला येत होतं. तुम्ही दांडीला लाल रंग फासलात. फाळक्यावर रबरी मॅट ठोकलीत, आत पेंढा पसरून तो उजेडात दिसेल असं दार उघडं ठेवलंत. घोडं फाळक्याशी अडलं की मी काठी शोधायचो आणि तुम्ही त्याच्या खांद्याशी उभे राहून दुसरीकडेच बघत बसायचात. मी म्हणायचो, "जावईबापू, मुहूर्त बघताय का?" वीस मिनिटांनी घोडं आपल्या पायांनी आत जायचं. ती वीस मिनिटं मला फार टोचायची, आज कबूल करतो.

आणि ती सुतळी. दोर कडीला बांधायचा नाही, कडीत सुतळीचा एक वेढा घालायचा आणि दोर त्या वेढ्यात बांधायचा, म्हणजे घोडं पडलं किंवा घाबरून मागे खेचलं तर सुतळी तुटते आणि मान वाचते. किती हसलो होतो मी. "हजार पौंडी जनावर आणि दोन पैशांची सुतळी," असं चारचौघांत म्हणालो होतो.

तांबडी मेली त्या दिवशी आपण पहाटेपासून रस्त्यावर होतो, हे मी साहेबांना सांगितलं नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते, पाठीत नुसते खिळे ठोकल्यासारखं होत होतं. उतारावर मी जरा वेगात होतो. जरा म्हणजे बराच. वळणावर टेंपो समोर आला आणि मी ब्रेकवर उभाच राहिलो. तेव्हा घोडी पडली त्यात थोडा वाटा माझ्याही पायाचा आहे, हे मी फॉर्ममध्ये लिहीन म्हणतो. म्हणजे ओझं दोघांत वाटलं जाईल.

लिहा हो काहीतरी. शिवी लिहिलीत तरी चालेल.

तुमचा सासरा


२५ मार्च

जावईबापू,

मागचं पत्र फाडून टाका. म्हणजे त्यातलं शिंप्याचं खरं आहे, सुतळीचंही खरं आहे. "ओझं दोघांत वाटलं जाईल" हे मात्र वाचू नका.

आज त्याच वळणावर माझ्या गाडीत घोडं पडलं.

वेग नव्हता. शपथ घ्यायला सांगाल तर घेतो. रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीतून तेल सांडलेलं होतं, मागची चाकं हातभर सरकली आणि आत धप्प झालं. मी कडेला गाडी घेतली. शिंपीबुवा आत शिरायला निघाले, तर त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. पडलेल्या घोड्याच्या कप्प्यात माणसाने जायचं नसतं, बाजूच्या लहान दारातून नुसतं बघायचं. बघितलं. काळं आडवं झालं होतं, पाय झाडत होतं, आणि कडीत मी सकाळी घातलेल्या सुतळीची दोन टोकं लोंबत होती. मान मोकळी होती. त्याने डोकं हलवलं, पुढचे पाय रोवले, आणि उठलं. फुरफुरलं. नाकाला पेंढा चिकटलेला. बस, एवढंच झालं.

शिंपीबुवा टाळ्या वाजवत होते. मी चाकाशी खाली बसलो. त्यांना वाटलं रक्तदाब. पाणी आणलं बिचाऱ्यांनी.

आता लिहितो, एका दमात, मध्ये थांबलो तर पुन्हा गोल फिरत बसेन.

तांबडीला कडीला थेट मी बांधलं. आपण पेट्रोलपंपावर थांबलो होतो. तुम्ही दोन बादल्या घेऊन पाणी आणायला गेलात. तुम्ही सकाळी तिला सुतळीतच बांधली होती, मी बघितलं होतं. तिने मान झटकून सुतळी तोडली, त्या दिवसातली तिसरी. मी आत गेलो. सुतळीचं बंडल पुढे केबिनमध्ये होतं, आठ पावलांवर. आठ पावलं चालायचा मला कंटाळा आला, जावईबापू. मी म्हणालो, बघतो आता कशी तोडतेस, आणि नायलॉनचा दोर सरळ कडीत ओवून दुहेरी गाठ मारली. तुम्ही पाणी घेऊन आलात, मला म्हणालात, "मामा, सगळं ठीक?" मी म्हणालो, "चला, उशीर होतोय."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ती पडली ती मानेवर लटकली. तुम्ही जाऊ नये तिथे शिरलात, दोर कापलात, तिची लाथ तुमच्या खांद्यावर बसली. घोड्यांचे डॉक्टर येईपर्यंत ती धापा टाकत होती, मग त्यांनी सुई दिली. तुम्ही रस्त्यावर खांदा धरून बसला होतात तेव्हा मी कडीतली गाठ काढून नाल्यात फेकली.

सुतळी असती तर ती लटकली नसती, हे डॉक्टरांनी साहेबांना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "थेट कडीला कोणी बांधलं?" मी म्हणालो, "बांधाबांध जावईच बघतात." त्यात एक शब्द खोटा नव्हता. बांधाबांध तुम्हीच बघायचात. असं बोलायला मी कुठे शिकलो कोण जाणे. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, साहेबांना म्हणालात, "मी सुतळीतच बांधली होती," आणि कोणी ऐकलं नाही, कारण मी तुमच्याहून तीस वर्षं जुना होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ना? चोर तिथेच खुर्चीवर बसून चहा पीत होता.

का केलं, ते सांगू? लायसन्स जाईल ही भीती होतीच. पण खरं कारण त्याहून हलकं आहे. ज्या सुतळीला मी हसलो होतो ती बरोबर होती, हे मला कबूल करायचं नव्हतं. तुमच्यासमोर तर नाहीच.

माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. फॉर्म अजून कोरा आहे.

तुमचा सासरा


३१ मार्च

जावईबापू,

फॉर्म दिला.

चार रेघा पुरल्या नाहीत, मागच्या बाजूलाही लिहिलं. साहेबांनी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. म्हणाले, "हे दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर?" मी म्हणालो, "तर तुम्ही मला काढलं असतं." म्हणाले, "आणि आज?" मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्या उचलून ड्रॉवरमध्ये टाकल्या, मला वाटलं होतं थोडा तरी आग्रह करतील. उगाच आपला एक गैरसमज. रजिस्टरातलं पान काढून त्यांनी तुमच्या नावावर रेघ मारली आणि माझ्याकडून सही घेतली. फॉर्म त्याच दुपारी स्कूलला पाठवला.

मला पागेत ठेवलंय, अंगणात. मॅट धुवायच्या, गाड्या आतून झाडायच्या, फाळक्यांचे बिजागर तपासायचे. तिथल्या घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांना सगळं कळलंय. कोणी बोलत नाही. शिंपीबुवा तेवढे येऊन बसले आणि म्हणाले, "मीसुद्धा एकदा गिऱ्हाइकाचा कोट जाळून इस्त्रीवाल्यावर ढकलला होता." समजूत घालायची त्यांची रीत. मी म्हटलं, "कोट परत शिवता येतो हो." ते उठून गेले. उगीच बोललो.

तुमच्या सासूबाईंना काल सांगितलं. मला वाटलं होतं आकाशपाताळ एक करतील. त्यांनी माझं ताट वाढलं, समोर ठेवलं आणि स्वतः जेवायला बसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोरगी का येत नाही ते आता कळलं. तिला ठाऊक असणार." मलाही तेच वाटतं. तुम्ही तिला सांगितलं असणार, आणि बापाचं तोंड बघायची तिला इच्छा नाही. बरोबरच आहे तिचं. या दोन वर्षांत मी तुमच्यावर मनातल्या मनात किती आरोप केले, की पोरीला माझ्याविरुद्ध भरवलं म्हणून. करून सवरून नामानिराळा राहिलो, वर रुसून बसलो.

आता झोप येते का, असं विचाराल तर नाही. पूर्वीही येत नव्हती. फक्त पूर्वी कंबरेचं निमित्त होतं.

तुमचा सासरा


९ एप्रिल

जावईबापू,

तुमचं पत्र आलं. सहा ओळींचं पत्र मी इतक्या वेळा वाचलंय की तुमच्या सासूबाईंनी चष्मा काढून घेतला. तरी इथे पुन्हा उतरवतो, मला नीट कळलंय की नाही ते बघायला.

"मामा, पत्रं मिळाली. दोर कापला तेव्हा गाठ माझ्या डोळ्यांसमोर होती. माझी गाठ एका ओढीत सुटते. ती दुहेरी होती, तुमची. मला तेव्हाच कळलं होतं. स्कूलने सोमवारपासून बोलावलंय. हिला मी काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं घोडी माझ्यामुळे मेली आणि तुमची मान खाली गेली. बाबांना तोंड कसं दाखवू, म्हणून ती येत नाही. सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता, किंवा ठेवला असता. मला दोन्ही नको होतं. सांगायचं असेल तर तुम्ही सांगा."

म्हणजे घरातही. कामावरून गेलात, पोटासाठी खोक्यांच्या कारखान्यात उभे राहिलात, आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या लेकीचे टोमणे ऐकलेत. माझी लेक आहे, टोमणे कसे मारते ते मला माहीत आहे. ती ते कोणाकडून शिकली तेही माहीत आहे.

मला वाटत होतं फॉर्म भरला, किल्ल्या दिल्या, झालं. काही झालेलं नाही.

सोबत दुसरं पाकीट आहे. तिच्या हातात द्या. तुम्ही आधी वाचलंत तरी हरकत नाही, पण तुम्ही वाचणार नाही, हेही मला माहीत आहे.

तुमचा सासरा


९ एप्रिल

पोरी,

हे पत्र बसून वाच. आई बरी आहे, मीही बरा आहे, तसलं काही नाही.

तांबडी तुझ्या नवऱ्यामुळे मेली नाही. तिचा दोर कडीला मी बांधला होता. ते पाणी आणायला गेले होते, त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तिला व्यवस्थित बांधलेली होती, ती तशीच राहिली असती तर पडून उठली असती. घाई माझी, वेग माझा, गाठ माझी. साहेबांसमोर मी ते त्यांच्यावर ढकललं आणि त्यांची नोकरी जाऊ दिली. आता साहेबांना लिहून दिलंय, रजिस्टरही बदललंय, पण तू साहेबांच्या आधी असायला हवी होतीस. तुझ्या नवऱ्याने हे दोन वर्षं तुझ्यापासून लपवलं, ते स्वतःसाठी नव्हे.

आणखी एक आहे. ते मी त्यांना लिहिलेल्या कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही, कारण ते तिथेच होते, त्यांना सांगायची गरज नाही.

हॉस्पिटल आठवतंय? घोडी दोरावर लटकून मेली, एवढंच मी तुला फोनवर सांगितलं होतं. त्यांचा खांदा बांधलेला होता, तोंड भिंतीकडे होतं. तू धावत आलीस, आधी मला लागलंय का ते बघितलंस, आणि मग त्यांना म्हणालीस, "बाबांच्या हाताखाली सहा वर्षं काढलीत, आणि एक दोर नीट बांधता आला नाही?" तू रडत होतीस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे पोरी, होतात चुका माणसाकडून." मोठ्या मनाने म्हणालो. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी तेव्हाच तोंड उघडलं असतं तर मी त्यांना खोटं पाडलं असतं. मी तेवढी तयारी करून उभा होतो.

तुला माझा राग येईल. येऊ दे, घाईघाईने आवरू नकोस. आई तुझ्याशी बोलेल, तिच्यावर काढू नकोस, तिला दहा दिवसांपूर्वीच कळलंय.

मला फोन करू नकोस. ते कामावरून येतील, तेव्हा तू जे हॉस्पिटलमध्ये म्हणालीस आणि त्यानंतर दोन वर्षं जे म्हणत आलीस, त्याबद्दल त्यांच्याशी बोल. ते म्हणतील, जाऊ दे. जाऊ देऊ नकोस.

तुझा बाप